ओट्याची वर्दी देणारा फळा

मी एक जुना प्लायवूडचा फळा आहे. माझ्या एका अंगाला सूर्यफुले आहेत आणि दुसऱ्या अंगाला सरकारी नोटीस. मित्रांनो, असा फळा तुम्ही कुठे पाहिला नसेल. न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या जरा पुढे, एका लहानशा गावात कोपऱ्यावरच्या घरापुढे मी काही आठवडे उभा होतो. त्या दिवसांत मी जे काम केले त्याचा मला आजही अभिमान वाटतो. ती हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कुठल्या झाडापासून झाला हे मला सांगता येत नाही, कारण प्लायवूड एका झाडाचे नसते. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक, एकदा उभे आणि एकदा आडवे चिकटवून, दाबून मला तयार केले. म्हणून मी सहसा वाकत नाही. एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मी माझ्यासारख्याच भावंडांच्या रांगेत उभा होतो. तिथे शुभा काकू आणि मनोहर काका आले. काकूंनी एकेका फळ्यावर बोटाने टकटक केले आणि माझ्यापाशी थांबल्या.

"हा घ्या. हा सरळ आहे," त्या म्हणाल्या.

"सगळेच सरळ आहेत की!"

"तुम्ही नीट बघतच नाही."

गाडी लहान होती. मला टपावर ठेवले, पण बांधायला दोरी नव्हती. काकूंनी आपली ओढणी काढून दिली. मी माझ्या घरी ओढणीने बांधलेला आलो.

त्या घरी मी गणपतीच्या मखराची पाठ झालो. दर वर्षी भाद्रपदाच्या आधी काकू मला गॅरेजमध्ये आडवा करत, मागच्या वर्षीचे चित्र घासून काढत, पांढरा हात देत आणि नवे चित्र काढत. एका वर्षी मी तळे होतो, एका वर्षी डोंगर, एका वर्षी नुसते निळे आभाळ. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे लोक दर्शनाला येत आणि म्हणत, "काकू, या वर्षीचं बॅकग्राउंड काय मस्त झालंय!" मला वाटे, हे कौतुक माझेच आहे. विसर्जन झाले की मी पुन्हा गॅरेजमध्ये, बर्फ ओढायच्या फावड्यांच्या मागे जाई. त्याचे मला वाईट वाटत नसे. पुढचा भाद्रपद येणारच होता.

गॅरेजमधून मला रस्ता दिसे. त्या कोपऱ्यावरच शाळेच्या बसचा थांबा होता. थांबा म्हणजे तिथे छप्पर नव्हते, बाक नव्हता, साधी पाटीही नव्हती. मुले फुटपाथवर उभी राहत आणि बस येई. हिवाळ्यात वारा असा सुटे की लहान मुले पाठ फिरवून उभी राहत. काकू मग गॅरेजचे दार वर करत आणि मुलांना आत घेत. पण मुले आत उभी राहिली तर बसच्या ड्रायव्हरला दिसत नसत. एकदा बस तशीच निघून गेली. तेव्हापासून मुले आत आणि काकू बाहेर कडेला, असा नेम झाला.

"आपल्या घराला पुढे ओटा पाहिजे होता," त्या काकांना म्हणत. "वर छप्पर, खाली बाक. कुणीही न विचारता येऊन बसावं असा. म्हणजे मुलंही दिसतील आणि मीही गोठणार नाही."

"बघू, पुढच्या वर्षी बघू," काका म्हणत. पुढच्या वर्षी दुसरेच काही निघे.

शेवटच्या भाद्रपदात काकूंनी माझ्यावर सूर्यफुले काढली. अंगात ताप असताना काढली. खालच्या कोपऱ्यातले एक फूल पेन्सिलीनेच राहिले. त्या म्हणाल्या, "राहू दे, तिथे समई येते, दिसणार नाही." ऑक्टोबरमध्ये काकू गेल्या.

त्यानंतर गॅरेजचे दार बरेच महिने उघडले नाही. माझ्या अंगावर धूळ बसली, एका कोपऱ्यात कोळ्याने घर केले. बाहेर सकाळी मुलांचे आवाज येत, मग बसचा आवाज येई आणि सगळे शांत होई. मित्रांनो, जी वस्तू कुणी हलवत नाही तिला दिवस मोजता येत नाहीत. मलाही आले नाहीत.

मग एका सकाळी, बर्फ पडत असताना, दार करकरत वर गेले. काका उभे होते. पायात चपला आणि अंगावर जाड कोट. बाहेर मुले पाठ फिरवून उभी होती. काकांनी हाताने खूण केली. मुले धावत आत आली आणि काका काहीही न बोलता बाहेर कडेला, काकू उभ्या राहत तिथे जाऊन उभे राहिले. बस गेल्यावर ते आत आले, माझ्यावरची धूळ बाहीने पुसली आणि सूर्यफुलांकडे बघत मोठ्याने म्हणाले, "ओटा बांधायचा. तुझ्या वर्षश्राद्धाच्या आत मुलं त्याच्यावर बसली पाहिजेत."

पण अमेरिकेत आपल्या घरापुढे आपल्या मनाने ओटा बांधता येत नाही. घर रस्त्यापासून किती आत असावे याचा नियम असतो. काकांचा ओटा त्या नियमापेक्षा रस्त्याच्या जवळ येत होता. त्यासाठी गावाच्या झोनिंग बोर्डाकडे, म्हणजे बांधकामाचे नियम बघणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करायचा आणि बोर्डाची परवानगी मिळवायची. बोर्ड महिन्यातून एकदा बसते. बोर्डासमोर जाण्याआधी सगळ्यांना कळवावे लागते. दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक घरमालकाला सर्टिफाइड मेलने, म्हणजे पोस्टाची पावती घेऊन, पत्र, पेपरात जाहिरात आणि त्या गावच्या नियमाप्रमाणे घरापुढे फळा. हे सगळे निदान दहा दिवस आधी झाले पाहिजे. बांधकामवाल्याने काकांना सांगून ठेवले होते, "मे महिन्यापर्यंत परवानगी आणा, उन्हाळ्यात बांधून देतो. नंतर आलात तर मग पुढच्या वर्षी."

अशा रीतीने मला पुन्हा काम मिळाले. काकांनी मला सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा केला. सूर्यफुलांना हात लावला नाही. मला उलटे केले आणि माझी कोरी बाजू पांढरी रंगवली. काका आयुष्यभर इंजिनिअर होते, त्यांचे अक्षर छापल्यासारखे होते. त्यांनी सगळ्यात वर, मधोमध, ठळक लिहिले, श्री.

काकांची मुलगी हिमानी एडिसनहून आली होती. तिने ते पाहिले आणि ती कपाळावर हात मारून हसली.

"बाबा, ही काय लग्नपत्रिका आहे का?"

"काम सुरू करताना लिहितातच की."

"टाउनशिपने अक्षरांची उंची दिलीय, रंग दिलाय. श्रीला तरतूद नाहीये त्यात."

काकांनी श्री पुसले. मग थोड्या वेळाने, ती फोनवर बोलायला गेली असताना, माझ्या वरच्या कडेवर, जिथे फक्त चिमण्यांना वाचता येईल, तिथे बारीक ब्रशने पुन्हा लिहिले. ते अजून आहे.

पुढचा मजकूर लिहिताना काकांना संकोच वाटू लागला. रस्त्यावर उभे राहून 'आम्ही नियम मोडू का' असे ओरडून विचारणे त्यांना बरे वाटेना. म्हणून त्यांनी नुसते लिहिले, 'घरात किरकोळ सुधारणा'. तारीख, वेळ, घराचा पत्ता आणि नकाशातला प्लॉटचा नंबर, हे मात्र बरोबर होते. हिमानीने घाईत पाहिले आणि बरे म्हणाली. तिची मीटिंग सुरू होणार होती.

मग पत्रांची पाकिटे भरणे सुरू झाले. टाउनशिपने, म्हणजे गावच्या कार्यालयाने, घरमालकांची यादी दिली होती. हिमानी नावे वाचत होती आणि काका पत्ते चिकटवत होते.

"हा रेमंड कोण? पत्ता पेनसिल्व्हेनियाचा आहे," ती म्हणाली. "बाबा, हे तर डोलोरेसचं घर आहे. आपल्या शेजारचं."

"मग चुकलं असेल. त्या घरात डोलोरेस राहते. वीस वर्षं बघतोय मी."

"तरी पाठवू या ना एक?"

"डोलोरेसला सर्टिफाइड मेल?" काकांनी चष्मा काढला. "अगं, तुझ्या आईच्या आजारपणात सूप घेऊन येत होती ती. तिला कोर्टाची नोटीस बजावल्यासारखं पत्र पाठवू? ती घरची आहे. तिला मी स्वतः जाऊन सांगणार. नुसतं नाही, ताटात काहीतरी घेऊन."

आणि ते खरेच गेले. नारळाच्या वड्या घेऊन गेले, अर्धा तास बसून सगळे समजावून आले. मित्रांनो, मला तेव्हा ते फार योग्य वाटले. लग्नाचे आमंत्रण आपण जवळच्या माणसाला पोस्टाने धाडतो का? घरी जाऊन, हातात अक्षत देऊनच बोलावतो. काकांनी तसेच केले. यादीतल्या सगळ्यांना पत्र गेले, फक्त सगळ्यात जवळच्या घराला गेले नाही.

मला अंगणात रोवले ते मेपलच्या झाडाखाली, म्हणजे पाऊस लागणार नाही. वरून प्लास्टिकही घातले, रंग ओघळू नये म्हणून. रस्त्यावरून जाणाऱ्याला मी एखादी झाकून ठेवलेली सायकल वाटलो असेन.

एप्रिलच्या बैठकीला काका सूट घालून गेले. परत आले तेव्हा अजून उजेड होता. गाडीतून काका, हिमानी आणि डोलोरेस उतरले. डोलोरेसही साक्ष द्यायला गेली होती. शुभा काकूंची बहीण, अहिल्या मावशी, दूरच्या ॲन आर्बर गावाहून राहायला आली होती, ती पायरीवरच वाट बघत होती.

"झालं ना?" तिने विचारले.

"ऐकलंच नाही त्यांनी," काका म्हणाले आणि माझ्यावर हात टेकून उभे राहिले.

काय झाले ते हिमानीने सांगितले. बोर्डाच्या वकिलाने पावत्या तपासल्या आणि विचारले, शेजारच्या प्लॉटची पावती कुठे आहे? काका म्हणाले, मी स्वतः सांगितले आहे आणि त्या बाई इथेच बसल्या आहेत. मग डोलोरेस उभी राहिली. तिचे इंग्रजी मी तुम्हाला मराठीत सांगतो. ती म्हणाली, "मला सगळं माहीत आहे. त्यांनी मला नारळाची मिठाईसुद्धा दिली." सगळे हसले. वकीलही हसला आणि म्हणाला, "बाई, मिठाईची पावती आम्हाला चालत नाही. घर तुमच्या नावावर आहे का?"

घर तिच्या नावावर नव्हते. नवरा गेल्यावर तिने ते मुलाच्या, रेमंडच्या नावावर केले होते. काकांना हे कधी कळलेच नव्हते. विचारायची वेळच आली नव्हती.

मग वकिलाने फळ्याचा फोटो हातात घेतला. 'किरकोळ सुधारणा' म्हणजे काय, त्याने विचारले. हे वाचून कुणाला कळेल का की रस्त्याच्या बाजूला छप्पर येणार आहे? जाहिरातीतही तोच मजकूर होता. तो चिडला नव्हता, त्याने शांतपणे सांगितले. नोटीस अपुरी असेल तर बोर्डाला तुमचे ऐकण्याचा अधिकारच नाही. आज मंजुरी दिली तरी उद्या ती टिकणार नाही. सगळे नव्याने करा आणि मे महिन्यात या.

"सॉरी, मनोहर," डोलोरेस म्हणाली. "मीच सांगायला हवं होतं." ती हळूहळू आपल्या घराकडे गेली.

काकांनी माझे प्लास्टिक ओढून काढले. "जाऊ दे. नको तो ओटा. चाळीस वर्षं ड्रॉइंगं तपासली मी आणि माझं स्वतःचं..." त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले आणि उपटायला लागले. मी जमिनीत हलू लागलो.

"भाऊजी, थांबा," अहिल्या मावशी म्हणाली. "हिमानीच्या मुंजीच्या वेळी..."

"माझी कुठे मुंज झाली, मावशी?"

"गप गं, बारसं म्हणायचं होतं मला. तर बारशाच्या वेळी शुभाने आमंत्रणाच्या यादीत सगळ्यात आधी कुणाची नावं घातली? माझं आणि आईचं. मी म्हटलं, आम्ही तर घरातच आहोत. तर म्हणाली, घरच्यांनाच बोलवायचं राहतं, ते तर येतीलच म्हणून. मग तेच रुसून बसतात. तुम्ही तेच केलंत, भाऊजी. सगळ्या गावाला बोलावलंत आणि घरच्याला विसरलात."

मला धरून काका मागच्या बाजूला वळले, तेव्हा माझी सूर्यफुलांची बाजू त्यांच्यासमोर आली. पेन्सिलीचे फूल त्यांच्या गुडघ्यापाशी होते. मग त्यांनी पायाने माझ्याभोवतीची माती दाबली.

"हिमानी, यादी नवीन मागव," ते म्हणाले. "आणि मला पांढरा रंग आणून दे."

मित्रांनो, दुसऱ्या वेळी काकांनी जसे काम केले तसे काम मी कधी पाहिले नाही. मला पुन्हा पांढरे केले. या वेळी लाज धरली नाही. घरापुढे छप्पर असलेला ओटा बांधायचा आहे, तो नियमापेक्षा रस्त्याच्या इतका जवळ येणार आहे, त्यासाठी परवानगी मागितली आहे, हे सरळ लिहिले. बैठक कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता, नकाशे कुठल्या ऑफिसात बघायला मिळतील, तेही लिहिले. मग काका रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून वाचता येते का ते बघितले. एक ओळ येत नव्हती, ती मोठी केली. मावशीला गाडीत बसवून माझ्यासमोरून दोनदा नेले.

"वाचता आलं?"

"अहो, इतक्या जोरात चालवताय, मला तुमचं घरही दिसलं नाही!"

पत्रे यादीप्रमाणे गेली. सगळ्यात पहिले पाकीट रेमंडचे होते. पेपरातली जाहिरात छापून आल्यावर हिमानीने एकेक शब्द बोट ठेवून तपासला. मला मेपलखालून काढून फुटपाथच्या कडेला, उन्हात आणि पावसात रोवले. प्लास्टिक नाही. काका रोज सकाळी मला सरळ करत आणि माझा फोटो काढत. इतके फोटो माझे मखरातही निघाले नव्हते.

आता लोक मला वाचू लागले. कुत्रे फिरवणारे थांबत. एक गृहस्थ धावता धावता जागच्या जागी पळत माझी शेवटची ओळ वाचून गेला. एका दुपारी वारा आला आणि मी तोंडावर पडलो. मला भीती वाटली, कारण पडलेली नोटीस म्हणजे नोटीस नाही. तेवढ्यात शाळेची बस आली. ड्रायव्हर बाईंनी मला पाहिले आणि काका बाहेर येईपर्यंत हॉर्न वाजवला. मुलांनीच मला उचलले. काहींनी धरले, काहींनी नुसत्या सूचना दिल्या.

बैठकीच्या दिवशी दुपारी एक गाडी डोलोरेसच्या घरी आली. एक उंच माणूस उतरला. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने मला वरपासून खालपर्यंत वाचले. मग तो आईच्या गाडीत जाऊन बसला, गाडी थोडी मागे घेतली, मान वळवून आमच्या घराकडे पाहिले. पुन्हा पुढे घेतली. असे त्याने तीनचार वेळा केले. काका कॉफी घेऊन गेले. रेमंड नम्रपणे म्हणाला, "थँक्यू. पण मी जे बोलायचं ते बैठकीत बोलेन."

"हा विरोध करणार," मावशी माझ्या शेजारी उभी राहून पुटपुटली. "कपाळावरच्या आठ्या बघा."

"मग करू दे," काका म्हणाले. "त्याला बोलावलंय कशाला?" पण सूटची बटणे लावताना त्यांनी एक बटण चुकवले. एका माणसाच्या विरोधाने बोर्ड मागे सरकू शकते आणि मे महिन्यानंतर बांधकामवाला मिळणार नव्हता.

बैठक फोनवर थेट दिसत होती. मावशीने माझ्या पायाशीच घडीची खुर्ची टाकली. हिमानीची मुलगी रुही तिच्या मांडीजवळ बसली, कारण मावशीला बोर्डाचे वकिली इंग्रजी कळत नव्हते. थांब्यावरची चारदोन मुले आणि त्यांच्या आयाही आल्या. म्हणून ती बैठक मीही ऐकली.

वकिलाने पावत्या तपासल्या, जाहिरात तपासली, माझा फोटो तपासला. मग तो म्हणाला, "नोटीस पूर्ण आहे. बोर्डाला ऐकण्याचा अधिकार आहे."

"काय म्हणाला?" मावशीने विचारले.

"ही सेड द नोटीस इज परफेक्ट," रुही म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले की मी पुन्हा मखरात उभा आहे.

काकांनी आपले म्हणणे सांगितले. थोडे बोलले. म्हणाले, माझी बायको मुलांसाठी थंडीत उभी राहायची, तिला हा ओटा हवा होता. मग रेमंडचे नाव पुकारले गेले. मावशीने रुहीचा हात घट्ट धरला.

"मला पत्र मिळालं म्हणून मी आलो," रेमंड म्हणाला. "नकाशात ओट्याच्या बाजूला, वारा अडवायला, उंच लाकडी जाळी दाखवली आहे. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे आणि अजून गाडी चालवते. मी आज दुपारी तिच्या सीटवर बसून बघितलं. ती गाडी मागे काढेल तेव्हा त्या जाळीच्या मागून पळत येणारं मूल तिला दिसणार नाही. ओट्याला माझा विरोध नाही. पण ही जाळी मला मान्य नाही."

रुहीने सगळे मराठीत सांगितले तशी मावशी म्हणाली, "अगं बाई! हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

कुणाच्याच आले नव्हते. नकाशा काढणाऱ्याच्या नाही, हिमानीच्या नाही, काकांच्या नाही. डोलोरेसच्याही नाही, कारण तिने नकाशा पाहिला होता तो वड्या खाताखाता. ते फक्त त्या माणसाला दिसले ज्याला पहिल्या वेळी कुणी कळवलेच नव्हते.

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "जाळी काढली," काका म्हणाले. "आत्ता काढली, असं लिहून घ्या. तिथे बुटका कठडा करीन, आरपार दिसणारा. वारा लागला तर मुलं टोप्या घालतील. मुलांसाठीच तर बांधतोय मी." मग ते रेमंडकडे वळले. "मिस्टर रेमंड, तुम्ही आलात ते फार बरं झालं."

"मग माझं काही म्हणणं नाही," रेमंड म्हणाला. "फक्त बाकावर माझ्या आईपुरती जागा ठेवा."

बोर्डाच्या सभासदांची नावे एकेक करून पुकारली गेली. प्रत्येक नावानंतर एक 'येस' येई. रुही बोटे उघडत होती. एक हात उघडून झाला, मग दुसऱ्या हाताची बोटे.

"काय झालं? काय म्हणाले? सांग ना गं!"

"मावशीआजी, ऑल येस! सगळे येस! वुई गॉट इट!"

मावशी इतक्या झटक्यात उठली की खुर्ची माझ्यावर आदळली. मुले ओरडू लागली. एका आईने आपल्या गाडीचा हॉर्न वाजवला, कुत्री भुंकू लागली आणि समोरच्या घरातले लोक काय झाले ते बघायला बाहेर आले. मला हात असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

काका आले तेव्हा सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. ते त्यातून वाट काढत आधी माझ्याकडे आले. माझ्या वरच्या कडेवर, श्रीवर, त्यांनी तळवा ठेवला. मग मला फिरवून सूर्यफुलांची बाजू रस्त्याकडे केली. "आता ही बाजू," ते म्हणाले.

परवान्याचे कागद यायला वेळ लागला, पण बांधकामवाला शब्दाला जागला. ओटा उन्हाळ्यात उभा राहिला. वर छप्पर, बाजूला बुटका कठडा, मध्ये लांब बाक. बाकाला पाठ हवी होती. काकांनी मला आणले आणि घट्ट बसवले. नोटीस भिंतीकडे, सूर्यफुले मुलांकडे. पेन्सिलीचे फूल काकांनी रंगवले नाही. त्याच्या पाकळ्यांवरून लहान मुले बोट फिरवत बसतात.

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी पाऊस होता. बाकावर मुले दाटीवाटीने बसली होती आणि मध्ये डोलोरेसची जागा रिकामी होती, कारण तिला दवाखान्यात जायचे होते. बस वळणावर आली. एक नवीन, छोटा मुलगा बस दिसताच ओट्यावरून उडी मारून पळत सुटला. त्याच वेळी डोलोरेसची गाडी तिच्या अंगणातून मागे येत होती. काका ओरडणार, त्याच्या आत गाडी जागच्या जागी थांबली. कठड्यातून तिला तो दिसला होता. तिने काच खाली केली, त्याला आधी जायची खूण केली आणि काकांकडे बघून हात हलवला. काकांनी दोन्ही हात हलवले.

ऑक्टोबरात काकूंचे वर्षश्राद्ध झाले. सकाळी काका मुलांमध्ये, मला पाठ टेकून बसले होते. ओटा वेळेत झाला होता.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. रस्त्याकडेला माझ्यासारखा एखादा फळा दिसला तर थांबा आणि वाचा. तो पडलेला असेल तर उचलून सरळ करा, मातीत पाय दाबून घट्ट करा. आणि तुम्हाला कधी काही बांधायचे असेल तर सगळ्यांना सांगा, स्पष्ट सांगा, वेळेत सांगा. शेजारच्या घराला सगळ्यात आधी पत्र धाडा, आणि मग वड्या घेऊन जरूर जा.

माझी नोटीस आता भिंतीकडे तोंड करून आहे. तिच्यावरची तारीख कधीच उलटून गेली. पण तिच्यात एकही चूक नाही, आणि तिच्याच आधाराने ही मुले बसली आहेत.